रजनी आणि तिच्या बहिणी

आपल्या बोलण्यात दोन शब्द असे रुळले आहेत की ते तोंडातून कधी बाहेर पडले, हे आपल्याला कळतही नाही. ते शब्द म्हणजे 'जाऊ द्या'. दुकानदाराने दांडी मारली, जाऊ द्या. औषधाच्या बाटलीवरची मुदत उलटून गेलेली निघाली, जाऊ द्या. बियाणे उगवलेच नाही, जाऊ द्या. कचेरीतल्या कारकुनाने चौथ्यांदा 'उद्या या' म्हणून सांगितले, जाऊ द्या. चार पैशांसाठी कोणी तोंड वाजवावे, आणि वाजवून उपयोग तरी काय, असा आपला हिशेब असतो. पण हा हिशेब गरिबाला फार महाग पडतो. श्रीमंताचे चार पैसे गेले तर चारच पैसे जातात. गरिबाचे चार पैसे गेले तर त्याची संध्याकाळची भाजी जाते.

आज ज्या बाईंची हकीकत सांगावयाची आहे, त्यांनी आपला चेहरा या 'जाऊ द्या'च्या विरुद्ध उभा केला. त्या पुढारी नव्हत्या, वकील नव्हत्या, सरकारी अधिकारी नव्हत्या. त्या अभिनेत्री होत्या. त्यांचे नाव प्रिया तेंडुलकर. आणि गंमत अशी की, देशाने त्यांना ज्या नावाने ओळखले ते नाव त्यांचे नव्हतेच. ते होते 'रजनी'.

आता एखादे गुरुजी विचारतील, "अहो, नटीची गोष्ट इतिहासाच्या भाषणात कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आपल्याकडे कलावंताने लोककार्याला हात लावण्याची रीत जुनी आहे. १९२१ साली मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन मातब्बर गायक नटांनी एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' नाटकाचा प्रयोग केला. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे दोघे एका रंगमंचावर उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. त्यांनी लोककार्याला पैसा मिळवून दिला. पुढे १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. परळ-लालबागच्या कामगार वस्तीत, चाळींच्या चौकात त्यांचे पोवाडे आणि लोकनाट्ये झाली. त्यांनी लोककार्याला आवाज दिला. टी.व्ही. आल्यावर कलावंतापाशी देण्याजोगी आणखी एक वस्तू आली. ती म्हणजे चेहरा. घरोघरी दिसणारा, ओळखीचा झालेला चेहरा. प्रिया तेंडुलकर यांनी तो दिला. म्हणून ही गोष्ट इतिहासाची आहे.

मात्र ही गोष्ट एकट्या रजनीची नाही. पडद्यावर रजनी १९८५ साली आली. पडद्याबाहेर तिच्या थोरल्या बहिणी त्याआधीच कामाला लागल्या होत्या. तेव्हा आधी त्यांच्याकडे जाऊ.

ज्यांनी मुंबई पाहिली नाही त्यांनी असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. दक्षिणेला गिरगाव; कारकून, मास्तर, छापखान्यातली माणसे यांच्या चाळींचा भाग. मधोमध परळ आणि लालबाग. तिथे गिरण्यांची धुराडी आणि त्यांच्या सावलीत गिरणी कामगारांच्या चाळी. त्याला लागून दादर; तिथे बाजार, नाट्यगृहे आणि मराठी मध्यमवर्ग. घर म्हणजे पुष्कळदा एक खोली आणि पुढे सामाईक गॅलरी. पगार महिन्याचा, वाण्याकडे खाते महिन्याचे. तेलाचा भाव चढला की त्याची झळ आधी पोहोचायची ती घरातल्या बाईला. डाळीत पाणी किती वाढवावे, हा हिशेब तिच्याकडे असायचा.

याच मुंबईत १९६६ साली नऊ गृहिणी एकत्र आल्या आणि त्यांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था काढली. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या ग्राहक संस्थांपैकी ही एक. काम साधे होते. भेसळ होते का, वजन पुरे भरते का, डब्यावर लिहिलेले डब्यात असते का, हे तपासायचे आणि गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याला वाट दाखवायची. त्यापूर्वी चारच वर्षे, १५ मार्च १९६२ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या काँग्रेसपुढे ग्राहकाचे चार हक्क मांडले होते. वस्तू धोक्याची नसावी, तिची खरी माहिती मिळावी, निवड करता यावी, आणि आपले म्हणणे ऐकले जावे. वॉशिंग्टनमध्ये मांडलेले हक्क आणि मुंबईच्या गृहिणींची तक्रार, दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच होती. पैसे मोजणाऱ्या माणसालाही मान आहे.

मग १९७२ साल उजाडले. महाराष्ट्रात दुष्काळ पडला. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना तो चांगला आठवत असेल. खडी फोडायला गेलेली माणसे अजून गावोगाव आहेत. खेड्यात पाणी आटले आणि शहरात भाव पेटले. तेल, साखर, रवा, रॉकेल, काही मिळेना. मिळाले तर परवडेना. तेव्हा मुंबईत 'महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती' उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी कम्युनिस्ट. झेंडे निराळे, पण चुलीपुढचा प्रश्न एक. या बायकांनी हजारोंच्या संख्येने गृहिणींना रस्त्यावर आणले, आणि त्यांच्या हाती काठ्या किंवा फलक देण्याऐवजी लाटणी दिली. थाळ्यांवर लाटणी वाजवत मोर्चे निघाले. लोक त्याला 'लाटणं मोर्चा'च म्हणू लागले.

हे लाटणे फार विचार करण्याजोगे आहे बरे का. ज्या बाईने जन्मात कधी सभेत तोंड उघडले नव्हते तिलाही ते हातात धरताना संकोच वाटला नाही. ते तिचेच होते. ते घेऊन तिने जाब विचारला आणि स्वयंपाकघरातला प्रश्न राज्यकारभाराचा प्रश्न झाला. १९७५ साली आणीबाणी आली, नेत्यांची धरपकड झाली, मोर्चे थांबले. पण आपण एकत्र येऊन विचारू शकतो, ही ओळख ज्यांना एकदा झाली ती पुसली गेली नाही.

त्याच सुमारास दुसरी एक वाट निघाली होती. पुण्याचे बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. या कामाच्या आरंभी दादरला राहणारे गायक-संगीतकार सुधीर फडके हेही जोश्यांच्या बरोबर होते. पंचायतीची पद्धत खेड्यातल्या माणसाला चटकन पटेल अशी आहे. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात. महिन्याला काय काय लागणार त्याची यादी सगळ्यांनी आधी द्यायची. सगळ्यांच्या याद्या एकत्र करून माल घाऊक भावाने, पारखून घ्यायचा. मग तो एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सभासदच आपसांत वाटून घेतात. मध्ये दुकान नाही, नफा नाही. मोर्चा जाब विचारतो, पंचायत हिशेब शिकवते. दोन्हींची गरज होती.

येथवरची हकीकत ध्यानात ठेवा, आणि आता प्रिया तेंडुलकर यांच्याकडे या.

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. वडील नाटककार विजय तेंडुलकर. त्या वडिलांचे बालपण गिरगावातल्या कांदेवाडीत गेले. चाळीतल्या माणसांचे बोलणे, त्यांचे मोठेपण आणि क्षुद्रपण, दोन्ही त्यांच्या लेखणीत उतरले. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे त्यांचे नाटक १९६७ सालचे. 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' ही १९७२ सालची. या दोन नाटकांवरून केवढे वादळ उठले होते, ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणजे प्रिया कॉलेजच्या वयात होत्या तेव्हा त्यांच्या घरात, समाजाला न आवडणारा प्रश्न विचारला की काय होते, याचा धडा रोजच्या वर्तमानपत्रातून मिळत होता.

नाटककाराची मुलगी म्हणून वाट आयती होती असे मात्र समजू नका. गिरीश कार्नाड यांच्या 'हयवदन' नाटकात एका बाहुलीचे काम, ही त्यांची सुरुवातीची भूमिका. मग श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' चित्रपटात जमीनदाराच्या मुलाच्या बायकोचे काम मिळाले. पुढे 'थोरली जाऊ', 'माहेरची माणसं' असे मराठी चित्रपट केले. आणि पोटासाठी नोकऱ्याही केल्या. मोठ्या हॉटेलात स्वागतिका, विमानात हवाई सुंदरी, जाहिरातींत मॉडेल, टी.व्ही.वर बातम्या वाचणे, असे नाना उद्योग त्यांनी केले. शिवाय त्या लिहीत असत. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'पंचतारांकित' ही त्यांची पुस्तके आजही ग्रंथालयांत मिळतात. शिक्षक बंधुभगिनींनी ती जरूर चाळावीत.

नोकरीच्या निमित्ताने त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या होत्या. गिऱ्हाइकापुढे हसतमुख राहावे लागते ते कसे, आणि स्वतः गिऱ्हाईक झाल्यावर समोरचा तोंड फिरवतो ते कसे, दोन्ही पाहण्याची संधी त्यांना मिळाली. हा अनुभव रजनीच्या कामी आला असला तर नवल नाही.

आता त्या वेळच्या टी.व्ही.विषयी दोन शब्द. आपल्या देशात दूरदर्शनचा आरंभ दिल्लीत १९५९ साली झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झाले. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत चित्र आले. १९८४ च्या जुलैत 'हम लोग' ही मालिका सुरू झाली आणि ठरावीक वाराला, ठरावीक वेळेला सगळ्यांनी मिळून एक कथा पाहायची, ही सवय देशाला लागली. चाळीत ज्याच्याकडे टी.व्ही. असे त्याच्या खोलीत शेजारची मुले जमिनीवर, बायका दाराशी आणि पुरुष गॅलरीत, अशी सभाच भरायची. खेड्यात पंचायतीच्या सेटपुढे असेच दृश्य असे. आज घराघरांत शेकडो वाहिन्या आणि हातोहाती फोन आहेत. तेव्हा निवड नव्हती. म्हणून जे दिसे ते सर्वांना एकदम दिसे, आणि दुसऱ्या दिवशी नळावर, बाजारात, कचेरीत त्याचीच चर्चा होई.

अशा काळात, १९८५ साली, बासू चटर्जी यांनी 'रजनी' ही हिंदी मालिका आणली. चटर्जी हे मुंबईतल्या साध्या, नोकरदार माणसांचे चित्रपट करणारे दिग्दर्शक. चित्रपटांत येण्यापूर्वी व्यंगचित्रे काढणारे. त्यांची रजनी होती एक गृहिणी. नवरा, मुलगी, बेताचा संसार. तिच्याजवळ अधिकार नाही, पैसा नाही, वशिला नाही. तिच्यात एकच गोष्ट निराळी होती. तिला 'जाऊ द्या' म्हणता येत नसे. कधी गॅसच्या सिलिंडरची अडवणूक, कधी टॅक्सीवाल्याची मनमानी, कधी कचेरीतील दिरंगाई. दर भागात एक गाऱ्हाणे आणि त्यावर रजनीचा थेट प्रश्न. "का नाही? नियम कुठे लिहिलाय? दाखवा." एवढेच तिचे शस्त्र.

आज हे ऐकून कोणाला वाटेल, यात विशेष ते काय? विशेष हे की, तोवर पडद्यावरची नायिका बहुधा रडणारी, सोसणारी, नाही तर नवऱ्याच्या पायांशी बसणारी असे. अन्याय झाला तर तो नायक दूर करी. रजनी आपले काम स्वतः करी. आणि तिचे भांडण दुष्ट खलनायकाशी नसे. ते असे तुमच्याआमच्यासारख्याच माणसांशी, ज्यांनी कामात कुचराई करण्याची सवय लावून घेतली होती. त्यामुळे पाहणाऱ्यांपैकी काहींना ती आपली वाटली, तर काहींना ती आपल्यावरच बोट रोखते आहे असे वाटले.

याचा पुरावा लगेच मिळाला. टॅक्सीवाल्यांच्या मनमानीवरचा भाग दाखवला गेल्यावर मुंबईतले टॅक्सीचालक चिडून दूरदर्शन केंद्रावर निषेध करण्यास गेले. विचार करा. एका कल्पित गृहिणीने एका कल्पित टॅक्सीवाल्याला प्रश्न केला, आणि खरी माणसे रस्त्यावर आली! टॅक्सीचालकांचीही बाजू होतीच. तेही पोटासाठी दिवसभर राबणारे लोक. सगळे काही भाडे नाकारणारे नव्हते. सगळ्या धंद्याला काळे फासले गेले असे त्यांना वाटले असणार. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. पडद्यावर विचारलेला प्रश्न पडद्यावर राहिला नव्हता.

थोड्याच दिवसांत 'रजनी' हे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. दुकानात कोणी पावती मागितली की वाणी म्हणायचा, "आल्या बघा रजनी!" त्यात चेष्टा होती, आणि थोडा धाकही होता. ज्या बाईला उद्देशून हे म्हटले जाई तिला मात्र आपल्या विचारण्याला एक नाव मिळाले होते. व्याकरण शिकवणाऱ्या गुरुजींना विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते याचे उदाहरण म्हणून ते खुशाल सांगता येईल.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर भाषण एकांगी होईल. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. रजनी पडद्यावर आली तोवर परळ-लालबागच्या कितीतरी खोल्यांत पगार येणे थांबून तीन वर्षे उलटली होती. पुष्कळजण गावी परतले होते. बायका खाणावळी चालवून, पापड लाटून, भाजी विकून घर ओढत होत्या. त्या घरांपुढे गॅसचा सिलिंडर वेळेवर का येत नाही, हा प्रश्नच नव्हता. तिथे स्टोव्हला रॉकेल मिळणे मुश्कील होते. म्हणून कोणी म्हणाले, ही रजनी मध्यमवर्गाची आहे. तिची गाऱ्हाणी अर्ध्या तासात मिटतात. आमची पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाहीत.

हा आक्षेप खोटा नाही. एका बाईने आवाज चढवला आणि समोरचा वरमला, असे कथेत घडते. प्रत्यक्षात पुष्कळदा समोरचा वरमत नाही. उलट पुढच्या वेळी तुमचेच काम मुद्दाम अडवतो. लाटणे मोर्च्यातल्या बायकांना हे माहीत होते. म्हणून त्या एकट्या गेल्या नाहीत. ग्राहक पंचायतीला हे माहीत होते. म्हणून तिने आधी संघ बांधला. रजनी बहुधा एकटीच जात असे. तिच्या कथेतली उणीव कोणती म्हणाल, तर ही.

पण मग रजनीचा उपयोग काय झाला? माझ्या मते तो असा. संघटना असली तरी तिच्यात येणाऱ्या माणसाला पहिले पाऊल स्वतःच टाकावे लागते. ज्या घरात मोर्च्याचे पत्रक कधी पोहोचले नव्हते, ज्या बाईला सभेला जाण्याची परवानगी नव्हती, तिच्या खोलीत रजनी टी.व्ही.तून गेली. आणि तिने सांगितले, विचारण्यात लाज नाही. लाज ज्याने कमी मोजले त्याला वाटली पाहिजे. हे पहिले पाऊल टाकायला लावणे, हे लहान काम नव्हे.

योगायोग पाहा. त्याच १९८५ सालच्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. हा कायदा रजनीने आणला असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्यामागे देशभरच्या ग्राहक संस्थांची वर्षानुवर्षांची खटपट होती. परंतु एवढे खरे की, कायदा आला तेव्हा तो कशासाठी आहे हे लोकांना समजावून सांगावे लागले नाही. ते त्यांनी टी.व्ही.वर पाहिले होते.

त्या कायद्याने काय केले? पूर्वी फसवणूक झाली तर दिवाणी दावा लावावा लागे. त्याला वकील, कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. शंभर रुपयांसाठी हजार कोण खर्चणार? नव्या कायद्याने जिल्ह्याला ग्राहक मंच, राज्याला आयोग आणि देशाला आयोग अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था केली. सुरुवातीला एक लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी जिल्ह्याच्या मंचाकडे असत. साध्या कागदावर अर्ज करावा, वकिलाशिवाय आपले म्हणणे आपणच मांडावे, अशी सोय झाली. २४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो, तो याच कायद्यामुळे.

प्रिया तेंडुलकर यांनी पुढे काय केले? नट एखाद्या भूमिकेने गाजला की त्याला त्या भूमिकेची अडचण होऊ लागते. लोक रस्त्यात थांबवून कामे मागतात. रजनीने आमच्याही गल्लीतला नळ दुरुस्त करून द्यावा असे त्यांना वाटते. काही कलावंत अशा वेळी म्हणतात, "मी फक्त काम केले, माझा त्याच्याशी संबंध नाही." प्रियाबाईंनी ती जबाबदारी झटकली नाही. 'स्वयंसिद्धा' या मालिकेत त्यांनी स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या स्त्रीची भूमिका केली. नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्यावर स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम चालवला, 'जिम्मेदार कौन' हा कार्यक्रम केला. जबाबदार कोण, हे त्या कार्यक्रमाचे नावच प्रश्न विचारते. आता लेखकाने लिहून दिलेला संवाद नव्हता. समोर खरी माणसे आणि खरे अधिकारी होते, आणि प्रश्न विचारणारी रजनी नव्हती, प्रिया तेंडुलकर होत्या.

१९९५ साली आलेल्या 'हम पाँच' या विनोदी मालिकेत त्या भिंतीवरच्या तसबिरीतली दिवंगत पत्नी झाल्या. तसबिरीतूनही ती बाई नवऱ्याला चार शब्द सुनावीच! नव्या पिढीला त्या याच कामामुळे आठवतात.

शेवटची वर्षे कठीण गेली. त्यांना कर्करोगाने गाठले. वर्षभर आधी त्यांची आई आणि भाऊ हे दोघेही गेले होते. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते अवघे सत्तेचाळीस. वडील विजय तेंडुलकर त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे जगले.

श्रोतेहो, माणूस जातो. त्याने लावलेली सवय टिकली तर तो राहिला असे समजावे. म्हणून शेवटी सवयीविषयी बोलू.

आज १९८६ चा कायदा जाऊन त्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आहे. तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. जुन्या मंचाला आता जिल्हा आयोग म्हणतात. पन्नास लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची किंवा सेवेची तक्रार तिथे चालते. पाच लाखांपर्यंत फी नाही. पूर्वी बहुधा दुकानदार जिथला असेल तिथे जावे लागे. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे. आयोगापर्यंत जायचे नसेल तर आधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून सल्ला घेता येतो.

शेतकरी बंधूंनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बियाणे निकृष्ट निघाले आणि शेतकरी तक्रार घेऊन गेला, तर कंपन्या म्हणत, शेतकरी हा ग्राहक नव्हे, तो तर धंदा करतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. स्वतःच्या उपजीविकेसाठी बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निर्वाळा दिला. तेव्हा पिशवी उघडताना तिच्यावरचा छापील कागद फाडून टाकू नका. पावती घ्या. पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी कळवून पंचनामा करून घ्या. नुसता संताप आयोगापुढे टिकत नाही; कागद टिकतो.

आणि गुरुजनहो, आपल्यासाठी एक सोपा पाठ. वर्गात मुलांना घरून एकेक रिकामे पाकीट आणायला सांगा. बिस्किटाचे, चहाचे, मिठाचे, काहीही चालेल. त्यावर निव्वळ वजन कुठे आहे, कमाल किंमत किती, केव्हा भरले, कोणी भरले, तक्रार कुठे करायची, हे शोधायला लावा. मग एखाद्या शनिवारी त्यांना बाजारात न्या आणि वजनावरचा सरकारी तपासणीचा ठसा दाखवा. दुकानदाराशी भांडायला नव्हे. पाहायला आणि विचारायला. दुकानदार प्रामाणिक असेल तर तो आनंदाने दाखवील. बहुतेक प्रामाणिकच असतात, आणि खोट्या मापाने त्यांचाही धंदा बुडतो, हेही मुलांना सांगा.

मुलींना मात्र पुढे उभे करा. त्या मागे राहिल्या तर "अगं, तू विचार" असे म्हणा. मुंबईच्या चाळींतल्या बायकांना लाटणे हाती घ्यायला दुष्काळ पडावा लागला. त्यांच्या लेकींना विचारायचे धैर्य एका मालिकेतून मिळाले. आपल्या शाळेतल्या मुलीला ते शाळेतच मिळाले, तर तिला रजनीची वाट पाहावी लागणार नाही.